डाव्या बाजूचा फॉल्ट

२ मार्च, सकाळ
गाडीचा डावा इंडिकेटर लागत नाही. हे मला तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी सांगितलं. हे गृहस्थ सबंध बिल्डिंगला न मागता सल्ले देतात, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना सूचनापेटी म्हणतो. पेटी म्हणाली, मेकॅनिककडे टाका. मी नुसता हसलो. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या माणसाला इंडिकेटरसाठी मेकॅनिक! कॉल जोडणारे शंभर रिले एकदम खडखडत असायचे, त्यातला आजारी कोणता ते मी दारात उभा राहून सांगायचो. साहेब पैज लावायचे आणि हरायचे.

गाडी बावीस वर्षांची, पण इंजिन ठणठणीत. काम किरकोळ आहे. रविवारच्या आत उरकतो. २८ तारखेला नात तिच्या आईबरोबर सुट्टीला येतेय. तिला स्टेशनवरून मीच आणणार.

४ मार्च
मागचा दिवा उघडला. चार स्क्रू काढले. तीन परत सापडले. बल्ब काळा पडला होता, नवा घातला. आमच्या हिला गाडीच्या मागे उभं केलं, मी आत बसून इंडिकेटरची दांडी हलवली.

डॅशबोर्डवरचा हिरवा बाण सहा-सात वर्षांपूर्वीच गेलाय. त्यावाचून माझं कधी अडलं नाही. इंडिकेटर चालू असला की आतली फ्लॅशरची डबी टिकटिक करते, ती ऐकली की झालं. आज टिकटिक नाही. ओरडून हिला विचारलं. 'लागत नाही' म्हणाली. म्हणून मागची वायर कापून नवा जोड दिला.

चहाच्या वेळी म्हणते, मी 'लागतोय की' म्हणत होते, तुम्ही कापाकापी कशाला केलीत? अगं, मग मोठ्याने बोलायचं! हल्ली ही तोंडातल्या तोंडात पुटपुटते. वयाबरोबर बायकांचा आवाज बारीक होत असावा.

५ मार्च
आता खरोखरच लागत नाही. माझा जोड उत्तम आहे. बल्ब बोगस.

८ मार्च, रविवार
काम पुढे ढकललं. पाठ धरलीय. गाडीखाली वाकायचं वय नाही, असं ही म्हणाली बहुतेक. किंवा 'वय'ऐवजी 'पाय' म्हणाली असेल.

तोवर सोय काढली आहे. डावीकडे वळायचंच नाही. तीनदा उजवीकडे वळलं की माणूस आपोआप डावीकडेच जातो, सरळ भूमिती आहे. काल बँकेत असाच गेलो. एरवी सात मिनिटं लागतात, काल पस्तीस लागली. पोचलो तेव्हा शटर अर्धं खाली आलं होतं. बँकांच्या वेळांवर कुणीतरी लिहायला हवं.

१० मार्च
भूमिती सोडली. पेट्रोल फार जातं. आता डावीकडे वळताना ही खिडकीतून हात बाहेर काढून दाखवते. मीच शिकवलं. पहिल्याच वळणावर पदपथावरच्या एका बाईंनी उलट हात केला. हिची शाळेतली मैत्रीण निघाली. वळणावरच पंधरा मिनिटं थांबलो. मागे गाड्यांची रांग लागली होती, पण लोक समंजस. एकानेही हॉर्न दिला नाही.

ही म्हणते, दिला. सगळ्यांनी दिला. हिला गर्दीत घाबरायला होतं.

१२ मार्च
मोठी प्रगती! ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर लागतो. म्हणजे करंट पोचतोय, नुसता रस्ता चुकतोय. अजून एक जोड दिला. आता ब्रेक दाबला की डावा लागतो आणि नंबरप्लेटचा दिवा जातो. नंबर काय, सगळ्यांना पाठ आहे.

१३ मार्च
मुलीचा फोन आला. फोनही बिघडलाय, तिचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. तीनदा 'काय? काय?' केलं, मग हिने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि स्वयंपाकघरात नेला. बराच वेळ बोलत होत्या.

नंतर ही समोर येऊन बसली आणि सावकाश म्हणाली, मुलीने सांगितलंय, बाबांची गाडी ठीक झाल्याशिवाय चिमणीला त्यांच्या गाडीत बसवायचं नाही. चिमणी म्हणजे नात. सात वर्षांची. ही रिक्षाने जाऊन दोघींना घेऊन येईल म्हणे.

चिमणीला माझ्या शेजारी बसून 'आजोबा, आता कुठला गिअर?' विचारायला आवडतं. मागच्या सुट्टीत प्रत्येक गिअर तिला विचारून टाकत होतो. रिक्षात हे होणार नाही.

१४ मार्च
निश्चय: २८ च्या आत गाडी ठीक. वाटल्यास बाहेरचं तांत्रिक सहकार्य घ्यायचं. सूचनापेटीला यातलं काहीही कळता कामा नये.

१६ मार्च, दुपार
हिला घेऊन गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनकडे गेलो. पत्ता सूचनापेटीनेच दिला. इलेक्ट्रिशियन म्हणजे एक बाई निघाल्या, पस्तिशीच्या, बोटांना ग्रीस, कानामागे टेस्टर. मी त्यांना समजेल अशा भाषेत रिलेचं तत्त्व सांगायला घेतलं. माझं होईपर्यंत त्यांनी मागचा दिवा उघडला होता.

बल्बच्या होल्डरपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची वायर गंजली होती. पॉलिशपेपरने घासली, नवा स्क्रू मारला, मग माझे जोड एकेक करून सोडवले. दहा मिनिटं लागली. हे जोड कुणी दिलेत, असं विचारलं. आधीचा एक मेकॅनिक होता, म्हटलं. त्या म्हणाल्या, त्याला पुन्हा गाडीला हात लावू देऊ नका. ही खिडकीबाहेर बघत होती.

मग मी दांडी खाली केली. टिकटिक नाही. म्हटलं, बाई, मूळ फॉल्ट तसाच आहे. तुमचा फ्लॅशर मुका आहे. त्या म्हणाल्या, वाजतोय की काका. हिला विचारलं, तर हिनेही मान हलवली. दोघी एकाच तालात बघत होत्या माझ्याकडे. मी हट्टाने फ्लॅशर बदलून घेतला. नवाही मुका. तेव्हा त्या बाईंनी माझा हात धरला, डॅशबोर्डच्या खाली नेला आणि डबीवर ठेवला.

डबी बोटांखाली उडत होती. टक, टक, टक. चिमणीच्या, म्हणजे खऱ्या पक्ष्याच्या, छातीसारखी.

त्या म्हणाल्या, आलं लक्षात, काका? अगदी हळू म्हणाल्या असाव्यात, ओठांवरून कळलं.

हल्लीची प्लास्टिकची डबी जाड येते. आवाज कोंडतो.

१८ मार्च
दुरुस्त गाडीची चाचणी. डावा इंडिकेटर दिला आणि व्यवस्थित वळलो. एक डिलिव्हरी व्हॅन डावीकडून अचानक उगवली, अगदी हिच्या दाराला घासून. मी ब्रेक मारला. हिचं डोकं पुढे आपटता आपटता राहिलं. व्हॅनवाला उतरून माझ्या खिडकीशी आला आणि तोंड उघडझाप करत राहिला. मी काच खाली केली, तरी फारसा फरक पडला नाही. मी त्याला शांतपणे सांगितलं, हॉर्न द्यायचा असतो बाबा.

घरी आल्यावर ही पाणी प्यायली. मग माझ्या समोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "त्याने चार वेळा हॉर्न दिला. मी दोनदा ओरडले. तुमच्या शेजारी बसून ओरडले."

मी म्हटलं, इंजिनच्या आवाजात...

ती म्हणाली, "इंजिनचं नाव नको. मला आता तुमच्याशी बोलायचाच कंटाळा येतो. एकच गोष्ट तीनदा सांगायला मी काय रेडिओ आहे? अर्ध्या गोष्टी मी सांगायच्याच सोडून दिल्यात. तुमच्या लक्षात तरी आलं का?"

नव्हतं आलं. मला वाटलं होतं, घरात हल्ली शांतता आहे.

आजपासून ती माझ्या गाडीत बसणार नाही.

१९ मार्च
ती रागावली आहे म्हणून तसं बोलली. माझा कान हा एक्स्चेंजमधला सर्वांत भरवशाचा पार्ट होता. हे माझं मत नाही, निरोपसमारंभात साहेब म्हणाले होते.

२० मार्च, सकाळी ११
ही भाजी आणायला गेलीय. जुना फ्लॅशर इलेक्ट्रिशियन बाईंकडून आणला होता. टेबलावर जुनी बॅटरी, एक बल्ब आणि फ्लॅशर जोडला. बल्ब लागला, विझला, लागला. डबी डाव्या कानाशी धरली. काही नाही. उजव्या कानाशी धरली. लांब कुठेतरी कुणीतरी नख आपटतंय असं वाटलं. बॅटरी उतरली असेल. नवी लावली. तेच.

एक्स्चेंजमध्ये फार गोंगाट असला की आम्ही एक युक्ती करायचो. स्क्रूड्रायव्हरचं टोक रिलेला लावायचं आणि मूठ दातात धरायची. आवाज हाडांतून थेट डोक्यात येतो. तसं केलं.

टिक. टिक. टिक. टिक. स्वच्छ. जुन्या ड्यूटीवर असल्यासारखं.

ही आली तेव्हा मी दातात स्क्रूड्रायव्हर धरून बसलो होतो. तिने पिशवी खाली ठेवली. शेजारी बसली. स्क्रूड्रायव्हर काढून मी म्हटलं, फ्लॅशर चांगला आहे.

ती म्हणाली, "हं."

हे मात्र ऐकू आलं.

२३ मार्च
कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. रुटीन तपासणी. त्यांनी दोन्ही कानांतून बराच मळ काढला. मी हिच्याकडे विजयाने पाहिलं. नुसता गंज होता! घासला, काम झालं. डॉक्टर म्हणाले, तरी एक टेस्ट करू.

एका काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन दिले, हातात बटण दिलं. पीप ऐकू आलं की दाबायचं. मी लय पकडली आणि न चुकता दाबत गेलो. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, छान, पण तुम्ही जेवढ्या वेळा दाबलंत तेवढे पीप आम्ही सोडलेच नव्हते. पुन्हा घेतली. या वेळी प्रामाणिकपणे. बराच वेळ नुसता बसून होतो, बटणावर अंगठा ठेवून. काचेपलीकडे ही पर्स मांडीवर घेऊन बसली होती आणि माझ्या अंगठ्याकडे बघत होती.

डावा कान जवळपास गेलाय. उजवा अर्धा. डॉक्टर म्हणाले, एवढी वर्षं त्या खडखडाटात बसलात, त्यानेही झालं असेल. मशीन लावावं लागेल.

म्हटलं, विचार करून सांगतो. हिने विचार न करता सांगून टाकलं.

२६ मार्च
मशीन मिळालं. शेंगदाण्याएवढं. एकेका कानाला एकेक. जग भयंकर कर्कश आहे. पेपर उघडला तर पत्रे पडल्यासारखं वाटलं. पंखा कुरकुरतो, फ्रिज सुस्कारे टाकतो, आमचा नळ गळतो. नळ किती दिवस गळतोय, हिला विचारलं. दोन वर्षं, म्हणाली. मी तुम्हाला सांगितलं होतं.

आणि ही पुटपुटत नाही. चांगला खणखणीत आवाज आहे. होता तसाच.

दुपारी एकटाच खाली गेलो, गाडीत बसलो, दांडी खाली केली. टिकटिक, टिकटिक. बराच वेळ ऐकत बसलो. डोळ्यांत धूळ गेली. गाडी आतून पुसायला हवी. सूचनापेटी काचेवर टकटक करून म्हणाली, बॅटरी उतरेल. त्यांचाही आवाज ऐकू येतो आता. प्रत्येक गोष्टीला दुसरी बाजू असते.

२७ मार्च
हिला चौकापर्यंत चक्कर मारून आणली. डावीकडून एकदा, उजवीकडून एकदा. मागच्या स्कूटरचा हॉर्न मी तिच्या आधी ऐकला. घरी आल्यावर तिने मुलीला फोन केला. 'येऊ दे त्यांना स्टेशनवर' एवढंच ऐकलं. मुद्दाम ऐकत नव्हतो.

निश्चय: उद्या पावणेदहाला निघायचं. गाडी धुवायची. शांतपणे चालवायची. कुणालाही रिलेचं तत्त्व सांगायचं नाही.

२८ मार्च, संध्याकाळ
ट्रेन वेळेवर आली. मुलीने आधी माझ्या कानांकडे पाहिलं, मग गाडीकडे. मग बसली. तिला गाडी लागते म्हणून ती पुढे माझ्या शेजारी, ही आणि चिमणी मागे. चिमणी गिअर विचारणार म्हणून मी तयार होतो. मधून मधून 'दुसरा बरं का' असं सुचवूनही बघितलं. ती आजीला मांजराचं काहीतरी सांगत होती.

स्टेशनच्या बाहेर डावीकडे इंडिकेटर देऊन वळलो. सुरेख वळलो. मुलगी 'वा बाबा' म्हणाली. बाजार गेला, पूल गेला, शाळा गेली. मग चिमणी हिच्या कानाशी लागून विचारती झाली, "आजी, आजोबांच्या कानातलं मशीन सारखं टिकटिक का करतंय?"

मी मोठ्याने सांगितलं, ते मशीन नाही बाळ, तो गाडीचा इंडिकेटर. एकदम नवा फ्लॅशर. आपण डावीकडे वळलो की वाजतो.

ती म्हणाली, "पण आपण केव्हाच वळलो."

मुलीने हात पुढे करून दांडी वर केली. गाडीत एकदम शांतता झाली. मी म्हटलं, वळून झालं की दांडी आपोआप परत यायला हवी. म्हणजे फॉल्ट स्टीअरिंगच्या आत आहे. किरकोळ काम आहे, उद्या रविवारच आहे, उघडून बघतो.

"नको," असं तिघी एकदम म्हणाल्या. हळूच म्हणाल्या. पण तिन्ही आवाज वेगवेगळे ऐकू आले.