हर्षिदाबेनच्या खोळ्याआधी

प्रिय हर्षिदाबेन,

गुरुवारी जसदणला तुझ्या सासरी तुझी सातव्याची ओटी, तुझा खोळो भरणार हे बांनी काल सुखडीच्या वड्या थापता थापता सांगितलं. तुला सातवा महिना लागला. ऐकून आनंद झाला आणि आत कुठेतरी तुटलंही. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा नणंद कमी आणि मैत्रीण जास्त अशी तूच होतीस. सासू म्हणून बांचा राग माझ्यावर यायच्या आत स्वतःवर ओढून घ्यायचीस. ते मी विसरलेले नाही.

माझ्या खोळ्यालाही राखडी तूच बांधलीस. मनगटावर गाठ मारत होतीस तेव्हा मी तुझ्या कानात म्हणाले, "बेन, सकाळपासून बाळ हललं नाही." तू हसलीस. "भाभी, झोपलंय ते. सत्तर माणसं लापसीसाठी खोळंबलीत, मुहूर्त टळला तर बा मला कच्ची खातील. ओटी भरू दे, मग बघू." दवाखान्यात तू रोज वीस बायका तपासतेस, म्हणून मी तुझं मानलं आणि पाटावर बसले. रीतीप्रमाणे त्याच संध्याकाळी माहेरी गेले. माझ्या आईला वाटलं, प्रवासाने दमले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके शोधले, सापडले नाहीत तेव्हा मशीन बंद केलं आणि माझा हात धरला.

तुझी चूक झाली, ते मी कधीतरी गिळलं असतं. पण बाहेर बाकावर सगळे बसलेले असताना तू म्हणालीस, "भाभी मला काही बोलल्याच नाहीत. बोलल्या असत्या तर मी थांबले असते का?" तुझ्या भावाने माझ्याकडे पाहिलं, मग तुझ्याकडे, आणि तुझं खरं मानलं. दोन वर्षं झाली, अजून मानतो. मला दगा दिलास, हर्षिदाबेन. दुसरा शब्द मला सापडत नाही.

हल्ली मी आरोग्यवाल्या बेनबरोबर घरोघर जाते. बायकांना सांगते, बाळाची हालचाल कमी वाटली की त्याच घटकेला दवाखाना गाठा, सासूला विचारत बसू नका. दिवस भरत आले की बाळ शांत होतं, ही समजूत खोटी आहे. तुला हे माझ्याआधी ठाऊक होतं.

बा म्हणाल्या, "रसीला, तू नको येऊस, त्यांच्याकडे बरं दिसणार नाही." नाही येणार आत. पण तुझा स्वभाव मी ओळखते. चार माणसांत तमाशा नको म्हणून तू स्वतःचंही दाबून टाकशील, एवढ्यासाठी हे पत्र. गुरुवारी सकाळपासून रवजीभाईची छकडो रिक्षा घेऊन मी तुमच्या फाटकाबाहेर उभी असेन. बाळाची हालचाल जरा जरी कमी वाटली तरी पाटावरून ऊठ आणि बाहेर ये, मी काही विचारणार नाही. दवाखान्यात मात्र कधीपासून ते खरं सांग. मी तुला माफ केलेलं नाही, पण त्या बाळाने माझं काही वाकडं केलेलं नाही.

तरीही तुझीच भाभी,
रसीला