रूपाच्या डावऱ्या गिटारीची व्यवस्था

मी, मोतीराम बन्सी दाभाडे, वय वर्षे ७६, धंदा सुतारकाम, शिक्षण इयत्ता चौथी पास, मूळ गाव पाचोड, हल्ली राहणार मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने व स्वतःच्या हस्ताक्षरात लिहितो. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. घाबरण्यासारखे काही नाही, असे डॉक्टर म्हणतात. मी घाबरलेलोही नाही. परंतु काम अर्धवट टाकून घराबाहेर पडण्याची मला सवय नाही, सबब व्यवस्था करून ठेवतो.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझा मुलगा चि. इंद्रजीत यास मिळावी. तो शेंद्र्याच्या कारखान्यात मशीन चालवतो. त्याने रंधा हाती धरला नाही, याचा राग मी पुष्कळ वर्षे बाळगला. तो राग कोणाच्याही वाट्यास देत नाही, येथेच संपवतो. अट एकच: गिटार पूर्ण होईपर्यंत ओसरीवरील माझी कामाची जागा हलवू नये.

२. सदर गिटार विजेवर चालणारी असून ती माझी नात कु. रूपा हिची आहे. रूपा डावरी आहे. दुकानातली गिटार उलटी धरून ती जयंतीच्या गायन पार्टीत वाजवीत असे, ते माझ्याने पाहवले नाही. म्हणून छावणीतील एका जुन्या दाराचा सागवान आणून तिच्या मापाने अंग घडवले. दांडी बसली आहे. पिकअपची घरे, म्हणजे ते बसवायच्या खाचा, कोरणे बाकी आहे.

३. पिकअप म्हणजे चुंबकावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली पट्टी. तारांचा आवाज तीच स्पीकरकडे धाडते. मी दुहेरी गुंडाळीचा सांगितला, कारण मंडपातील दिव्यांमुळे एकेरीत भणभण शिरते. रूपाने ऐकले नाही.

"आबा, दुहेरीत आवाज जाड व्हतो. मला आज्जीसारखा पाहिजे, पातळ अन् लख्ख."

तिची आजी, माझी पत्नी कालकथित मुक्ताबाई, पार्टीची मुख्य गायिका होती. मी म्हणालो, "तुझी आज्जी भणभण बी लई करायची."

"म्हणून तर दोन एकेरी लावू. दुसऱ्याची गुंडाळी उलटी असती. दोन्ही संगं चालू केले की एकमेकांची भणभण मोडतेत."

"मग हे आमचंच घर झालं की!"

सबब दोन एकेरी, हे कायम.

४. साक्षीस बसलेला ढोलकीवाला कडुबा याने "सुताराची गिटार म्हंजे पाट व्हय, जेवायला बसा," असे चारचौघांत म्हटले होते. त्यास काहीही देऊ नये. जयंतीला मात्र त्याने रूपाच्या शेजारीच बसावे. त्याच्याशिवाय मला करमत नाही, हे येथे लिहिण्याचे कारण नाही.

५. इंद्रजीत म्हणाला, "बाबा, घरं मी मशीनवर कोरून आणतो." हेतू चांगला आहे. परंतु घरे रूपाने स्वतः कोरावीत. त्यासाठी माझी रुंद पटाशी तिला देतो. ही पटाशी मी कोणाच्या हाती दिलेली नाही. मुक्ताबाईने एकदा या पटाशीने नारळ सोलला, तेव्हा घरात बोलणे बंद झाले होते. आखणी मी करून ठेवली आहे. कड वाकडी गेल्यास वर झाकणपट्टी येते.

६. वरील मजकूर वाचून दाखवला असता रूपा रडू लागली. "तुम्ही दवाखान्यातून आल्याशिवाय मी लाकडाला हात नाय लावणार, आबा. राहू द्या तसंच."

हे मला मंजूर नाही. ती थांबली आणि मी आलो नाही, तर गिटार भिंतीवर फोटोसारखी टांगली जाईल. म्हणून हे कलम जोडतो: रूपाने पहिला घाव घातल्याखेरीज मी सही करणार नाही.

घाव घातला. जरा खोल गेला. मी तिचा हात धरला नाही.

(सही) मोतीराम बन्सी दाभाडे

रूपाचा घाव आणि त्यानंतर मोतीराम यांची सही, दोन्ही आमच्या डोळ्यांदेखत झाले.

साक्षीदार:
१. (सही) कडुबा तुकाराम खरात
२. (सही) चतुराबाई भीमराव वाहुळ

स्थळ: मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ६ मार्च २०२५