घरच्याच विमा कंपनीतली मैत्रेयी

६ ऑक्टोबर, सोमवार. हॅम्बर्ग

मुलगी आजपासून नोकरीला. वेर्कश्टुडेंटिन: आठवड्याला वीस तास काम, उरलेला वेळ युनिव्हर्सिटीत गणित. कंपनी गोठवलेल्या मासळीची, गोदामं उत्तर जर्मनीभर. पण मैत्रेयी मासळीत नाही, विम्यात. कंपनीने स्वतःपुरती एक छोटी विमा कंपनी काढलीय. बाहेरच्यांना हप्ते देण्याऐवजी या लेक-कंपनीला द्यायचे, नुकसान झालं की तिच्याकडूनच भरून घ्यायचं. याला कॅप्टिव्ह म्हणतात. मी ‘स्वविमा’ सुचवलं. मै. म्हणाली, “बाबा, बिट्टे.” म्हणजे प्लीज, नको.

ऑफिसात माणसं तीन. प्रमुख फ्राउ लिंडेमान, एक अकाउंटंट, आणि आता आमची मै.

सासूबाईंचा, म्हणजे वृंदाच्या आईचा, पुण्याहून फोन. “अहो, म्हणजे एजंट झाली का? दारोदार हिंडायचं?” म्हटलं, नाही हो, गिऱ्हाईक एकच, तेही मालक. “मग सोपंय की.” मलाही तसंच वाटलं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

चकल्या. सोऱ्या माझ्याकडे, झारा वृंदाकडे, खाण्याचं खातं मै.कडे. वृंदाने विचारलं, तू तिथे करतेस तरी काय? आम्ही मराठीत विचारतो, ती जर्मनमध्ये सांगते. इतकी वर्षं असंच चाललंय. तर ती पॉलिसी वाचते. अख्खी. पेन्सिल घेऊन.

“कुणी वाचत नाही गं ते.”

“गेनाऊ.” अगदी बरोबर, म्हणूनच ठेवलंय म्हणे तिला.

मी शाळेत सूत्रं पाठ करायचो तेव्हा माझ्याही तोंडावर असाच भाव असणार. मला मात्र त्याचे पैसे कुणी देत नव्हतं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

पहिली फाइल तिच्या हातात. गोदाम कुठलं ते सांगत नाही, सांगायचं नसतं. एवढंच कळलं: सुट्टीच्या दोन दिवसांत शीतयंत्र बंद पडलं, माल गेला. अलार्म दुरुस्तीसाठी बंद होता. पॉलिसीत अट आहे की अलार्म बंद असेल तर दर चार तासांनी माणसाने जाऊन तापमान बघायचं आणि वहीत लिहायचं. वहीत शुक्रवार आहे, सोमवार आहे. मधलं पान कोरं. मै.ने पुन्हा मागवलं. पुन्हा कोरंच आलं, स्कॅन मात्र सुरेख.

४ नोव्हेंबर, मंगळवार

गोदामप्रमुखाचा तिला फोन. (खरं नाव ती सांगत नाही. मी त्याला क्रोगर म्हणतो.) म्हणाला, आपण एकाच घरातले, एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकायचं, त्यात वही कशाला? मै. म्हणाली, “एकाच घरातले आहोत म्हणूनच विचारतेय.”

जेवताना सांगत होती. घरच्यांना न विचारता देत सुटलो तर ती विमा कंपनी उरतच नाही. मोठं नुकसान बाहेरची एक विमा कंपनी उचलते, तीही मग हात काढून घेते.

सगळं खरं. पण हिचा करार डिसेंबरअखेर संपतो. वाढवायचा की नाही हे संचालक मंडळ ठरवणार, आणि मंडळात क्रोगरचा साहेब बसतो. प्रबंधही तिथेच करायचा आहे.

म्हणून मी, पंचवीस वर्षं नोकरी केलेला शहाणा, म्हणालो, “सांभाळून घे. फाइल लिंडेमानबाईंकडे सरकव आणि गप्प राहा. घरचेच तर आहेत.”

तिने चमचा खाली ठेवला. आणि चक्क मराठीत: “बाबा, तू पण क्रोगरच निघालास.”

वृंदाने कोशिंबीर पुढे केली. माझ्या बाजूने कुणी नव्हतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

तीन दिवस रागात. आज ऑफिसला जाताना फेरीबोटीत, पावसात, वाद नीट मांडून पाहिला. पूर्वपक्ष: नोकरी टिकली पाहिजे. उत्तरपक्ष: ज्या कामासाठी ठेवली तेच न करता टिकवायची, तर टिकवायचं काय? उतरायचा धक्का येईपर्यंत पूर्वपक्ष आडवा झाला होता. पोरीला अर्थातच सांगितलेलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

मै. परवा लिंडेमानबाईंबरोबर त्या गोदामात जाऊन आली. आज सांगतेय. उणे वीस, कुणाचं तरी ढगळ जाकीट. रविवारच्या पाळीच्या पहारेकऱ्याला भेटली. अलार्म बंद असल्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं! आता सगळे त्याच्याकडे बोट दाखवतायत. हिने टिपणीत लिहिलं: अट मोडली, भरपाई पूर्ण देता येणार नाही, पण चूक पहारेकऱ्याची नाही, निरोप पोचवण्याची व्यवस्थाच नव्हती, ती सगळ्याच गोदामांत लावावी.

शेवटचं तिला कुणी विचारलं नव्हतं. वृंदा हळूच म्हणाली, “बघा.” बघतोय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

लिंडेमानबाईंनी टिपणी परत दिली. विद्यार्थ्याचं लिखाण एरवी त्यांच्या सहीने पुढे जातं. या वेळी म्हणाल्या, “मी एक शब्द बदललेला नाही. सही तुमची. सोमवारी मंडळासमोर वाचाही तुम्हीच.” ही कृपा की परीक्षा, मै.ला ठरवता येईना. मलाही नाही.

कागद घरी आणायचा नाही, म्हणून फोनवर फक्त सहीची ओळ दाखवली, वरच्या मजकुरावर अंगठा आडवा धरून. ऑफिसच्या नोंदीत नाव पासपोर्टप्रमाणे: मैत्रेयी श्रीकांत करंदीकर. मधलं नाव बापाचं असतं हे इथे कुणाच्या गावी नाही. ते तिचंच समजतात. म्हणजे जे लिहू नको म्हणून मी सांगितलं, त्याच्याखाली मीही बसलोय. टायपात.

वृंदा हसून हसून बेजार. “अहो, आता मंडळासमोर तुम्हीही!”

मै. म्हणाली, “काढून टाकू का? पर्सोनाल विभागाला मेल केला की नोंद बदलतात.”

म्हटलं, असू दे.

मंडळ सोमवारी सकाळी दहाला. मी त्या दिवशी रजा टाकलीय. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती’ लिहिलं.