पिवळ्या टोपीचा घोडा

मंगळवार, ५ नोव्हेंबर

साहेबांचा फोन. साहेब म्हणजे पेपरचे संपादक — बाबांपेक्षा वीस वर्षांनी लहान, पण खुर्ची मोठी. म्हणाले, शनिवारी सात शर्यती आहेत. ‘दुर्बिणीतून’ सदरात सांगितलेले निदान तीन घोडे पहिले आले पाहिजेत. नाही आले, तर पुढच्या आठवड्यापासून ती जागा कॉम्प्युटरच्या आकड्यांना. बाबा फक्त “बरं” म्हणाले. मग फोन ठेवला, तो उलटा. मी सरळ करून दिला.

एकतीस वर्षं सदर लिहिणाऱ्या माणसाची आता परीक्षा!

साहेबांना एक गोष्ट माहीत नाही. दुर्बिणीमागे बाबांचे डोळे नाहीतच, माझे आहेत. घोडा आणि घोड्याएवढं कपाट यातला फरक बाबांना गेली दोन वर्षं हात लावल्याशिवाय कळत नाही. मोतीबिंदू. “डॉक्टर म्हणतात, अजून पिकला नाही,” असं बाबा सांगतात. दवाखाना कोपऱ्यावरच, पावलं मोजत एकटेच जातात. मला बरोबर येऊ देत नाहीत. आमच्या घरात सगळं वेळेआधी पिकतं, बाबांच्या केसांपासून माझ्या स्वभावापर्यंत. हा एक मोतीबिंदूच तेवढा हट्टी.

म्हणून पहाटे मी मैदानावर जाते, घोड्यांचा सराव बघते आणि चहाच्या वेळी बाबांना सगळं सांगते. तू डोळे, मी डोकं — ही वाटणी त्यांचीच. नियम एकच. “दिसलं ते सांग. ठरवू नकोस.”

बुधवार, ६ नोव्हेंबर

थंडी. नाक गळत होतं, दुर्बिणीवर वाफ धरत होती.

पहिल्या शर्यतीतली ‘मखमल’. अंगावर अशी चमक की केस विंचरायला आरसा नको. पण चार फर्लांगांत धाप लागली. ‘तोफगोळा’ — नाव ऐकून पळत सुटावं, आणि हा स्वतः कबुतराला बिचकून आडवा! ‘मोठी बाई’ने आज दोघांना चावे घेतले, तिसऱ्याला घ्यायला वेळ मिळाला नाही. धावली मात्र सुरेख.

बाबांचे प्रश्न नेहमीचे. घाम कुठं आलाय, मानेवर की मागच्या मांड्यांमधे? (मांड्यांमधे म्हणजे घोडा घाबरलाय.) कान कुठं होते? जॉकीची कोपरं बघितलीस का, ओढत होता की ढकलत होता?

“मोठी बाई मला आवडली,” मी म्हटलं.

“तुला विचारलं नव्हतं.”

चहा त्यांच्या पुढ्यात जरा आपटूनच ठेवला. बशीत सांडला. त्यांनी तो बशीतूनच प्यायला आणि म्हणाले, “कोपरांचं राहिलं.”

मी सासरहून इथे परत आले तेव्हा घोड्याला चार पाय असतात, याखेरीज मला काही माहीत नव्हतं. एक सुटकेस आणली होती, तीही महिनाभर उघडली नाही. दिवसाला तीन शब्द बोलत असेन: हो, नको, झोपते. बाबांनी त्या घराबद्दल एकदाही विचारलं नाही. एक दिवस दुर्बीण हातात दिली, “मला दिसेनासं झालंय. जाशील?” एवढंच. आता बाबाच म्हणतात, बाई, जरा श्वास घे.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

आज घोडा बघितला!!

पाचव्या शर्यतीचा ‘शाही हुकूम’. सगळ्यांचा लाडका आहेच, पण आज वेगळाच होता. सरावाला घोड्यांच्या पाठीवर नंबर नसतात, ओळखायचं ते वरच्या स्वाराच्या टोपीवरून. याची पिवळी. त्याच ट्रेनरचा ‘सावकाश’ निळ्या टोपीखाली. दोघे तांबूस, दोघांच्या अंगावर पांढरा ठिपकासुद्धा नाही. सावकाशचं काय सांगावं? आठ वर्षांचा झालाय, शेवटचा जिंकला तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. नाव ठेवणाऱ्याने पुढचं सगळं ओळखलं असणार. आजही निळी टोपी रमतगमत मागे राहिली.

पिवळीवाला मात्र शेवटचे तीन फर्लांग असा आला की स्टॉपवॉच दाबायची राहून गेली. स्वाराची कोपरं हललीसुद्धा नाहीत. मानेवर थोडा घाम, बाकी कोरडा ठणठणीत.

बाबांना सांगताना मी उभीच राहिले. ते ऐकत होते, मान खाली. मग नेहमीचं, “आणखी?”

“आणखी काही नाही.”

“असतं.”

“काही नाही हो. परत जाताना फाटकापाशी थांबला. पुढे जाईना. एकदा मान वळवून मागं बघितलं, मग गेला. हे काय सदरात लिहायचंय?”

बाबांनी मान वर केली. “कुठल्या बाजूने वळवली?”

“डावीकडून.”

“हं.” आणि दुसरा चहा मागितला. दुसरा चहा ते कधी मागत नाहीत.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

गेलं. सगळं मुसळ केरात.

स्टॉपवॉच काल मैदानावरच विसरली होती, ती आणायला दुपारी गेले. शाही हुकूमचा मोतद्दार टपरीवर भेटला — भला माणूस, घोड्याची काळजी स्वतःच्या मुलासारखी घेतो. मी हुकूमची तारीफ सुरू केली, तर हा चहाच्या ग्लासात बघून हसायला लागला. “ताई, कोणाला सांगू नका. काल आमच्या ट्रेनरनी टोप्या बदलल्या होत्या.” दुर्बिणी लावून बसलेल्यांना चकवायला!

म्हणजे ट्रेनरने सगळ्या मैदानाला टोपी घातली, आणि मी ती कानापर्यंत ओढून घेतली. जो उडत आला तो सावकाश. जो रमतगमत आला तो शाही हुकूम.

घरी आले, धापा टाकत. बाबा आरामखुर्चीत, फोन मांडीवर. सदर बारालाच सांगून मोकळे झाले होते. मी म्हटलं, “बाबा, घोडा चुकला.”

“घोडा नाही चुकत.”

“मी चुकले. टोप्या बदलल्या होत्या. पाचव्या शर्यतीत काय सांगितलंत? मी फोन करते, बदलायला सांगते.”

“काही करायचं नाही. सकाळी पेपर विकत घे आणि वाच.”

“घरी फुकट येतो आपल्या!”

“मग फुकट वाच.”

रडू आलं. घोड्याचं नव्हतं ते. एकतीस वर्षं या माणसाने जे उभं केलं ते मी एका टोपीपायी घालवलं, असं वाटलं. जेवले नाही. त्यांनी दोनदा जेवायला हाक मारली, तरी.

शनिवार, ९ नोव्हेंबर, सकाळी

‘पाचवी शर्यत: १. सावकाश.’

छापलंय! तीनदा वाचलं.

शनिवार, संध्याकाळी

आधी सकाळचं लिहिते. पेपर घेऊन आत गेले तर बाबा दाढी करत होते, अंदाजाने. एका गालावर साबण तसाच.

“कसं कळलं?”

“तूच सांगितलंस.”

“मी तर हुकूम म्हटलं!”

“नाव तू टोपीवरून सांगितलंस. घोडा घोड्यावरून सांगितलास.” वस्तरा थांबला. “सहा वर्षांपूर्वी सावकाशची पहिली शर्यत मी बघितली होती. डोळे होते तेव्हा. फाटकापाशी थांबला, डावीकडून वळून मागं बघितलं. मी लिहिलं होतं, या घोड्याला घराची आठवण येते. लोक हसले होते.” मग गालावरचा साबण पुसत, “ते शेवटचं तू सांगणार नव्हतीस. म्हणून म्हणतो, ठरवू नकोस.”

दुपारी दोघं मैदानावर. बाबा कठड्याला धरून, मी त्यांच्या कानाशी. पहिली शर्यत चुकली — मखमलसुद्धा धापा टाकत शेवटून दुसरी. दुसरी सदरात सांगितलेल्या मोठी बाईने जिंकली, आणि जॉकी उतरल्यावर त्याला चावली. (आवडली म्हटलं होतं मी! बाबांनी ऐकू न आल्यासारखं केलं.) तिसरी चुकली. चौथी बरोबर आली. दोन झाले. आणखी एक हवा.

पाचवी. फाटकापाशी सावकाश थांबला. मागं बघितलं. मैदानभर हशा. बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं, “थांबला ना?” मी म्हटलं, थांबला. “डावीकडून?” डावीकडून.

मग मी काय बोलले ते आठवत नाही. बाबा म्हणतात, ओरडत होतीस, शेजारच्या माणसाने टोपी काढून कान झाकले. शेवटच्या फर्लांगापर्यंत सावकाश सहावा. मग कोणीतरी घरचा दिवा लावल्यासारखा निघाला. मानभर पुढे! शाही हुकूम पाचवा.

सहावी आणि सातवी दोन्ही चुकल्या, सपशेल. तीन म्हणजे तीनच. काठावर पास.

रविवार, १० नोव्हेंबर

साहेबांचा फोन. कॉम्प्युटरचे दोन आले. सदर राहणार. वर म्हणाले, “तुमची नजर अजून तशीच आहे हो.” बाबा म्हणाले, “तशीच कशी? आता जास्त तरुण झालीय.” मी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसले.

सोमवार, ११ नोव्हेंबर

बाबा अंघोळीला गेले होते. फोन मी घेतला. डोळ्यांच्या दवाखान्यातून बाई बोलत होत्या. “काकांनी पाचव्यांदा ऑपरेशनची तारीख पुढे ढकललीय. नक्की करायचंय ना?” मी म्हटलं, मोतीबिंदू अजून पिकला नाही ना? “अहो, दोन वर्षांपूर्वीच पहिली तारीख दिली होती! दर वेळी म्हणतात, मुलगी आत्ता कुठे बोलायला लागलीय, एवढा सीझन जाऊ दे.”

गुरुवारची तारीख घेतली. बाबांना अजून सांगितलेलं नाही. आधी दुसरी दुर्बीण आणायला हवी. एकीवरून आमची भांडणं होतील.