निवलेला तारा

प्रिय दादा,

फोनवर तू "बरं, बरं, जेवलीस का?" म्हणून विषय बदलतोस, म्हणून कागदावर लिहिते आहे. आधी पूर्ण वाच, मग चिड.

तू दुकानात गिऱ्हाइकांना सांगतोस, "बहीण दुर्बिणीतून तारे बघते." तसं नाही रे. आमची दुर्बीण पृथ्वीभोवती फिरते, कारण क्ष-किरण हवेतून खाली येतच नाहीत. मी खुर्चीत बसून तिने पाठवलेले आकडे बघते. माझे तारे म्हणजे मेलेले तारे, शहराएवढे लहान आणि सूर्याहून जड. तू दुकानात तांब्याची तार गुंडाळून आजवर भरलेल्या सगळ्या पंपांच्या मोटारींचं चुंबकत्व एकत्र केलंस, तरी त्यांच्यापुढे ते दर्यात खसखस. असा तारा वर्षानुवर्षं गप्प असतो. मग कधीतरी चुंबकत्वाच्या ताणाने त्याचं कवच तडकतं आणि तो क्ष-किरणांत भडकतो. सुरुवातीचे तास सगळ्यात मोलाचे. पुढे तो निवत जातो.

मागच्या आठवड्यात तसा एक भडकला. आकाशभर पहारा करणाऱ्या दुसऱ्या उपग्रहाची सूचना आली तेव्हा लक्ष ठेवायची पाळी माझी होती. आपली दुर्बीण तिकडे वळवायची तर विनंती आमच्या गटाच्या प्रमुखांनी, म्हणजे सरांनीच पाठवायची, असा इथला नियम. मी धावत गेले. सर पाहुण्यांना प्रयोगशाळा दाखवत होते. मला बघून सगळ्यांना म्हणाले, "नव्या पोरांना जरा काही लुकलुकलं की साक्षात्कार होतो. अगं, तारा काही पळून जात नाही." पाहुणे हसले. मग चहा, मग जेवण. मी दाराशी उभी. पुन्हा विचारलं तर, "तुला बोलावलं होतं का?" दुसऱ्या दिवशी दुर्बीण वळली तेव्हा तारा जागेवरच होता, पण त्याचा ताप उतरला होता. सुरुवातीचे तास दुसऱ्या देशातल्या गटाने टिपले.

एवढ्यावर मी गप्प बसले असते. माणसाकडून चूक होते. पण आता वरिष्ठ जाब विचारताहेत, तर सर सांगतात की सूचना माझ्याच लक्षात उशिरा आली. सोमवारच्या बैठकीतही ते हेच म्हणणार आणि मी मान खाली घालून बसायचं. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणते, बस की, मानेला व्यायाम होईल. आपल्या घरात माझ्याआधी कुणी पदवीपर्यंत पोचलं नाही, त्यामुळे अशा जागी कसं वागतात ते मला कुणी शिकवलेलं नाही. पण घडलं ते सांगायला काही वेगळं शिकावं लागतं का?

दादा, काल सर म्हणाले, "तुझ्या भावाशी फोनवर बोललो. समजूतदार माणूस. त्याने तुझ्या वतीने माफी मागितली." माझी जागा जाईल म्हणून तू घाबरलास, हे कळतं मला. गिऱ्हाईक स्वतःच मोटार जाळून आणतं आणि तू "चुकलं साहेब" म्हणून मोकळा होतोस. तुझ्या दुकानात तू काय वाटेल ते कर. माझी चूक कबूल करायला तुला कुणी सांगितलं? मला एकदा विचारलंसही नाहीस. सोमवारी मी उभी राहून बोलणार, आणि सर म्हणणार, हिच्या घरच्यांनीच मान्य केलंय. म्हणून हे पत्र कुरियरने पाठवते आहे. सोमवारच्या आत त्यांना फोन कर आणि ती माफी परत घे. जागा गेली तर घरी येईन, तेव्हा तुला हवं तेवढं बोल मला.

रागावलेली, पण तुझीच,
धाकटी