एकतीसचे नऊ झाले

मूर्तिजापूर, नोव्हेंबर २००९

चि. कुंदन यास शेषराव जिजाजीचा आशीर्वाद. मामंजींचे गुडघे, संत्र्याचा बहार आणि तुझं पोट, तिन्ही ठीक असतील. इकडे मी ठीक, पत्रिका जुळवायचं दुकान ठीक, मांजर ठीक. (फोन सोडून पत्र काहून, ते शेवटी सांगतो.)

भाऊ, पयले तुले सलाम. आपलं नातं जुळायच्याही आधी, कॉलेजात असताना तू मले पत्रिका जुळवायचा प्रोग्राम बनवून दिला होता, तो उघडेपर्यंत पोरीकडच्यांचा दुसरा चहा व्हायचा. तोच तू आता डॉट नेट नावाच्या नव्या तंत्रावर चढवून दिला आणि बटण दाबलं की गुण हजर. मी त हातच जोडले. बाजूच्या शिलाईवाल्या शाइस्ताबी (त्यांचं पत्रिकेशी काही घेणंदेणं नाही) उगाच दोन बटणं दाबून 'माशाअल्लाह' म्हणून गेल्या.

नव्या काट्यावर आधी आपणच उभं राहावं, म्हणून मी आमच्या दोघांचीच पत्रिका टाकली. जुन्यानं छत्तीसपैकी एकतीस गुण दिले होते, त्याच भरवशावर त लग्न झालं. नवं म्हणालं, नऊ. पुसून परत टाकली. नऊच. मग बिंग फुटलं. जुनं लेकाचं अमेरिकन रीतीनं महिना आधी वाचत होतं. रागिणीचा जन्म ४/८, म्हणजे चार ऑगस्ट. ते आठ एप्रिल समजून बसलं होतं. (तेरा तारखेपासून पुढं जन्मलेले वाचले, तेरावा महिना कुठून आणणार?) म्हणजे माझं लग्न जुळलं आठ एप्रिलच्या पोरीशी आणि घरात आली चार ऑगस्टची.

मागं पाहतो त रागिणी उभी. तिनं स्क्रीन वाचला आणि सरळ पिशवी भरायले बसली. (ती अशी पिशवी भरते म्हणजे काय, ते तिच्या हातचा मार खाल्लेल्या भावाले काय सांगू?) दुसऱ्या दिवशी संत्र्याची तोडणी आहे म्हणून माहेरची, मोर्शीची बस धरली. मी म्हणणार होतो की आकड्यांत काही नसते. पण अठराच्या खाली संसार टिकत नाही, हे दहा वर्षं लोकांले मीच सांगत आलो ना.

तवापासून मी त्या नऊकडे पाहून राहिलो. एकतीस गुणांवर संसार कोणीही करते बाप्पा. इथं सालोसाल कपाशीची पऱ्हाटी बुडाली, गावातली लग्नं पुढं ढकलली, दुकानात माशा. तवा या बाईनं बाजारात मेथी-वांगी विकून घर चालवलं आणि मले कोणापुढं मान खाली घालू दिली नाही. हे सगळं नऊ गुणांवर! डॉट नेटचं काय घेऊन बसला, मले त तुझ्या बहिणीपुढं हात जोडावं वाटून राहिलं. तोंडावर कधी म्हटलं नाही. आता म्हणावं त ती इथं नाही आणि घर खायले उठते.

मामंजीले नमस्कार, संत्र्याच्या झाडांले पाणी.

तुझा, नऊ गुणांवर उरलेला,
शेषराव जिजाजी

ता.क. तुमच्याकडं फोन तीच उचलते, म्हणून पत्र. एक काम कर. जेवताना सहज म्हण, की नव्या प्रोग्राममध्ये माझीच चूक राहिली, खरे गुण एकतीसच. वर तुझ्या प्रोग्रामची केलेली सगळी तारीफ मी वापस घेतो, राग मानू नको.

ता.क. दुसरं. काहीच म्हणू नको. पाकीट चिकटवत होतो, तवाच रागिणी संत्र्याचं पोतं घेऊन दारात. मी भीतभीत इचारलं, त्या नऊचं काय? म्हणे, "लग्नाआधीच्या गुणांच्या कागदावर माझी रास चुकलेली मले तवाच दिसली होती. सांगतलं असतं त तुमी नाही म्हटलं असतं. आधी पोतं उतरवा."