पूर्वीसारखे

तंजावूर,
३ ऑगस्ट २०२४

ती. जयश्रीअक्कास,

वरुणचा साष्टांग नमस्कार. देवाच्या दयेने इकडे सगळे बरे. कालव्याला पाणी सुटलं आहे, पापनाशमकडे भाताची लावणी चालू झाली. नाशिकला पाऊस असेल.

अप्पा फोनवर का येत नाहीत असं तू सारखं विचारतेस. त्यांची भूक चांगली आहे, झोप लागते, चिडचिड अजिबात नाही. नित्या भरवते तेवढा दहीभात निमूट खातात.

एवढंच लिहून थांबणार होतो.

आजार सुरू झाला तेव्हाचं तुला कोणी सांगितलेलं नाही. इथले डॉक्टर तमिळमध्ये म्हणाले, डोक्यात पाणी साचलंय. तेलाच्या अंघोळीनंतर डोकं जड झालं की इकडे घरोघर हेच म्हणतात. आम्हाला तेच वाटलं. शनिवारची तेलाची अंघोळ बंद केली, नित्या रोज सुंठ उगाळून कपाळाला लेप लावू लागली. तोवर अप्पांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले, धोतर ओलं होऊ लागलं, नावं विसरली. तू हट्ट धरलास म्हणून स्कॅन झाला. सर्जननी समजावलं: मेंदूत पाणी रोज तयार होतं आणि रोज वाहून जातं, यांचं वाहून जात नाही, आतल्या पोकळ्या फुगून मेंदू दाबला जातोय. डोक्यातून कानामागून कातडीखालून पोटापर्यंत नळी घालायची, पाणी तिकडे जिरेल.

त्या आजारात अप्पा नित्याला अम्मा म्हणायचे. पदर धरून मागे मागे. आम्हाला मूल नाही. तिला त्याआधी कोणी तशी हाक मारली नव्हती.

ऑपरेशन चांगलं झालं. घरी आल्यावर एक दिवस अप्पा आपल्या पायांनी स्वयंपाकघरात गेले आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, "इतके दिवस या वांझेच्या हातचं मज वाढलंत काय?"

मग रोज तेच. ती रडली की तिच्या रडण्याची नक्कल करून आल्यागेल्याला हसवायचे. मला "गावशाळेचा बैल" म्हणायचे. त्या गावच्या शाळेत मला त्यांनीच घातलं होतं, तुला इथल्या कॉन्व्हेंटमध्ये. तुझ्याशी मात्र फोनवर किती गोड. तू म्हणायचीस, अप्पा अगदी पूर्वीसारखे झाले. झालेच होते, अक्का.

महिन्यापूर्वी त्यांचे पाय उंबऱ्यापाशी पुन्हा अडले. सर्जननी बजावलं होतं, नळी तुंबू शकते. चाल बिघडली तर लगेच आणा, उशीर केला तर गेलेलं परत येत नाही. वेळेवर नळी बदलली तर पूर्वीसारखे होतील. मी ऑटो आणायला निघालो. नित्या न्हाणीत त्यांचं धोतर पिळत होती. मान वर न करता म्हणाली, "आज मज अम्मा म्हणून हाक मारली त्यांनी."

मी चपला काढून ठेवल्या.

आता ती पुन्हा सुंठ उगाळते. त्या लेपाने आतल्या पाण्याचं काही होत नाही हे तिलाही ठाऊक आहे, मलाही. शेजाऱ्यांना मात्र दिसतं की उपचार चालू आहेत. गोपालकृष्णमामा परवा येऊन म्हणाले, सून असावी तर अशी. लेप झोंबला की अप्पा डोळे मिटून हसतात.

मी सकाळी पूजेला बसतो, दिवा लावतो, पण काही मागत नाही. मागितलं आणि देवाने दिलं तर?

काल त्यांना तुझा फोटो दाखवला. बराच वेळ पाहिला. मग नित्याला विचारलं, "अम्मा, ही कोण?" नित्या म्हणाली, "कोणी नाही." त्यांचं समाधान झालं. मी जवळच उभा होतो.

तू रागावशील, तुझा हक्क आहे. पण फोनवर सांगितलं असतं तर तू आज संध्याकाळच्या आत त्यांना हॉस्पिटलात हलवायला लावलं असतंस. म्हणून पत्र लिहिलं, आणि तेही साध्या टपालाने टाकतो आहे.

तुझा भाऊ, अप्पांचा मुलगा,
वरुण